गाठ कोणती? मेंदूच्या कर्करोगाचा शंभर वर्षांचा हिशेब

वर्धा जिल्ह्यात बोर धरणाकडे जाताना लागणाऱ्या हिंगणीत एखाद्या घरी 'डोक्यात गाठ निघाली' अशी बातमी येते, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: माणूस वाचेल का? शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाला जगातल्या कुठल्याच डॉक्टरकडे धड उत्तर नव्हते. आज उत्तर आहे, पण ते सगळ्यांसाठी एक नाही. सारख्याच आकाराच्या, मेंदूच्या सारख्याच भागातल्या दोन घातक गाठींपैकी एकीचा रुग्ण सगळे उपचार होऊनही वर्ष-दीड वर्षात जातो, तर दुसरीचा पंधरा वर्षे संसार करतो. लहान मुलांच्या काही गाठी शंभरात नव्वदांहून अधिक जणांत पूर्ण बऱ्या होतात, काहींत वर्ष काढणेही कठीण जाते.

हा फरक कळायला डॉक्टरांना दोन कामे करावी लागली. एक, गाठींची वर्गवारी. दुसरे, घरी गेलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले याची वर्षानुवर्षे नोंद. यातले एक जरी सुटले तरी उपचारांची तुलना चुकते, हे या शतकाने पुन्हा पुन्हा दाखवले.

अठ्ठावीस दिवसांचे यश

सुरुवात लंडनमध्ये झाली. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी रिकमन गॉडली या शल्यविशारदाने एका पंचविशीतल्या स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडली. त्याच्या डाव्या बाजूला झटके येत, डावा हात लुळा पडत चालला होता, डोके असह्य दुखे आणि उलट्या थांबत नसत. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून अकरा वर्षे होती. केवळ लक्षणांवरून अलेक्झांडर ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी अंदाज बांधला होता की गाठ मेंदूच्या उजव्या भागात, हातापायांची हालचाल चालवणाऱ्या पट्ट्यात असणार. माकडांच्या मेंदूवरील प्रयोगांतून कोणता भाग कोणता अवयव हलवतो याचा नकाशा नुकताच तयार झाला होता, त्याचा त्यांना आधार होता.

अंदाज बरोबर निघाला. मेंदूच्या पृष्ठभागाखाली अगदी थोड्या खोलीवर अक्रोडाएवढी गाठ सापडली आणि गॉडलींनी ती काढली. रुग्ण शुद्धीवर आला, झटके थांबले. मग जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तो दगावला. गाठ शोधता येते आणि काढता येते, एवढे सिद्ध झाले. काढल्याचा उपयोग किती, हे मात्र एका रुग्णावरून कळणार नव्हते.

कुशिंग यांचे खाते

ते कळू लागले बॉस्टनमध्ये. हार्वी कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मेंदूच्या दोन हजारांहून अधिक गाठी हाताळल्या. त्यांच्या आधी या शस्त्रक्रियेत रुग्ण टेबलावर जाणे हे नेहमीचे होते. शिस्तबद्ध तंत्र आणि रक्तस्राव रोखण्याच्या नव्या साधनांच्या जोरावर त्यांनी मृत्यूचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आणले. रुग्ण टेबलावरून जिवंत उठू लागले, तेव्हाच त्यांच्या पुढच्या आयुष्याची तुलना करणे शक्य झाले.

कुशिंग यांची दुसरी सवय शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची ठरली. घरी गेलेल्या रुग्णांनी दर वर्षी शस्त्रक्रियेच्या तारखेला पत्र लिहून आपली खुशाली कळवावी, असा त्यांचा आग्रह असे. प्रत्येक गाठीचा तुकडा जपून ठेवला जाई. त्यांच्या सहकारी लुईस आयझेनहार्ट यांच्या वहीत गाठीचा प्रकार आणि रुग्णाचे पुढे काय झाले, याची नोंद होई.

या साठ्यातून पर्सिव्हल बेली यांनी चारशेहून अधिक ग्लिओमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून उद्भवणाऱ्या गाठी, सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासल्या. १९२६ मध्ये बेली आणि कुशिंग यांचे पुस्तक आले. तोवर एकाच नावाखाली मोडणाऱ्या या गाठींचे त्यांनी चौदा प्रकार पाडले आणि प्रत्येकापुढे रुग्ण सरासरी किती जगले हे लिहिले. आज ज्याला ग्लिओब्लास्टोमा म्हणतात त्यापुढे सुमारे १२ महिने होते. मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमापुढे १७, ऑलिगोडेंड्रोग्लिओमापुढे ६६, तर संथ वाढणाऱ्या तंतुमय ॲस्ट्रोसायटोमापुढे ८६ महिने. शल्यविशारद तेच, रुग्णालय तेच, हत्यारेही तीच. निकालात सातपट तफावत. ती गाठीच्या जातीमुळे होती, हे त्या तक्त्याने पहिल्यांदा आकड्यांत मांडले.

ते पचवणे सोपे नव्हते. गाठ परत येते ती पुरेशी काढली नाही म्हणून, असे अनेकांना वाटत होते. बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी या विचाराचे टोक गाठले. १९२८ मध्ये त्यांनी काही रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढल्याचे प्रसिद्ध केले. या रुग्णांची डावी बाजू आधीच लुळी पडलेली होती, त्यामुळे गमावण्यासारखे फार उरले नाही असा हिशेब होता. तरीही आजार हटला नाही. ग्लिओब्लास्टोमा शेतातल्या हरळीसारखा असतो: वरचा गड्डा उपटला तरी मुळ्या लांबवर पसरलेल्या असतात. नुसत्या चाकूने हा आजार संपणार नाही, हे यानंतर मान्य करावे लागले.

शेक कोणाला लागू पडला

मग आशा वळली किरणोपचारांकडे, ज्यांना आपल्याकडे आजही अनेक जण 'शेक' म्हणतात. इथेही फायदा सगळ्या गाठींना सारखा झाला नाही.

मेड्युलोब्लास्टोमाची कथा सर्वांत बोलकी आहे. १९३० मध्ये कुशिंग यांनी अशा ६१ रुग्णांचा अहवाल दिला. तीन वर्षांनंतर त्यांतला एकच जिवंत होता. या गाठीच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून पाठीच्या कण्यापर्यंत वाहत जातात, म्हणून गाठीच्या जागी कितीही नीट शस्त्रक्रिया केली तरी आजार दुसरीकडे डोके काढतो. उपाय होता तो संपूर्ण मेंदू आणि संपूर्ण कण्याला किरण देण्याचा. १९५३ मध्ये मँचेस्टरच्या पॅटरसन आणि फार यांनी या पद्धतीने उपचार केलेल्या २७ रुग्णांचा हिशेब मांडला: सुमारे ६५ टक्के जण तीन वर्षांनंतरही हयात होते. जवळजवळ नक्की मृत्यू देणारा आजार वीस-पंचवीस वर्षांत बऱ्याच मुलांसाठी बरा होण्याजोगा झाला.

किंमत मात्र त्या मुलांनी मोजली. वाढत्या मेंदूवर पडलेल्या किरणांमुळे कित्येकांची बुद्धी मंदावली, उंची खुंटली, संप्रेरकांचे तंत्र बिघडले. मूल किती वर्षे जगले याबरोबरच ते कसे जगले हाही निकालाचा भाग आहे, हे डॉक्टरांना इथे शिकावे लागले.

ग्लिओब्लास्टोमावर तोच शेक तोकडा पडला. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९७८ मध्ये आले. तिच्यातले बहुतेक रुग्ण ग्लिओब्लास्टोमाचे होते. नुसती शुश्रूषा मिळालेल्यांपैकी निम्मे १४ आठवड्यांत गेले होते, किरणोपचार मिळालेल्यांत हाच काळ सुमारे ३५ आठवड्यांचा निघाला. अडीचपट वाढ झाली, तीही वर्षाच्या आतच.

मुंबईत विद्या आली

या सगळ्या काळात विदर्भातल्या रुग्णासाठी काय होते? बराच काळ काहीच नाही. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले, पण मेंदूची शस्त्रक्रिया हा स्वतंत्र विषय म्हणून भारतात रुजला तो स्वातंत्र्यानंतर. १९४९ मध्ये जेकब चँडी यांनी वेल्लोरला आणि पुढच्या वर्षी बी. राममूर्ती यांनी मद्रासला काम सुरू केले. १९५१ मध्ये मेंदूविकार तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच दशकात मुंबईत राम गिंडे, होमी दस्तूर यांच्यासारख्यांनी ही शाखा उभी केली. वर्ध्याच्या माणसासाठी याचा अर्थ रात्रभराचा रेल्वे प्रवास आणि अनोळखी शहरात आठवडेच्या आठवडे मुक्काम. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही टाटाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग उतरतात. विदर्भातून निघालेल्या एका संताच्या नावाने विदर्भातल्या आजाऱ्यांना मुंबईत छप्पर मिळाले.

निदान सोपे झाले ते लंडनजवळच्या एका रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला तेव्हापासून. त्या रुग्णाच्या मेंदूत पुढच्या भागात गाठीचा संशय होता आणि चित्रात ती दिसली. गॉडलींच्या वेळी जे हातापायांच्या झटक्यांवरून ताडावे लागे, ते आता डोळ्यांनी पाहता येऊ लागले. पुढे एमआरआयने ते आणखी स्पष्ट केले. तरी चित्रात दिसते ती गाठ किती आणि कुठे. ती नक्की कोणती, हे ठरवायला तुकडाच लागतो.

गोळ्यांनी दिलेले महिने

२००५ हे साल ग्लिओब्लास्टोमाच्या इतिहासात मोठे मानतात. युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर फक्त किरणोपचार दिले, निम्म्यांना त्याच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे पोटातून घ्यायचे औषध. मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्या काळापलीकडे जगले तो काळ, १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिने ऐकायला थोडे वाटतात. पण दोन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले आणि पाच वर्षांनंतर सुमारे २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर. याचा अर्थ असा की बहुतेकांना थोडे मिळाले आणि थोड्यांना बरेच.

ते थोडे कोण, याचा माग त्याच वर्षी लागला. ज्यांच्या गाठीत एमजीएमटी नावाचे, औषधाने केलेली मोडतोड दुरुस्त करणारे जनुक बंद पडले होते, त्यांना औषध अधिक लागू पडत होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठी सारख्याच दिसत. फरक जनुकांत होता.

इथून पुढे वर्गवारीची रीतच बदलली. ऑलिगोडेंड्रोग्लिओमाच्या अतिवाढीच्या प्रकारांवर किरणोपचारांबरोबर तीन औषधे द्यावीत का, हे पाहणारी अमेरिकी चाचणी १९९४ मध्ये सुरू झाली होती. २००६ मध्ये पहिले निष्कर्ष आले तेव्हा औषधांमुळे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. विषय तिथेच मिटला असता. पण रुग्णांची नोंद चालू ठेवली गेली. २०१३ मध्ये पुन्हा हिशेब केला तेव्हा ज्यांच्या गाठीतल्या १ आणि १९ या दोन गुणसूत्रांचे ठरावीक तुकडे हरवलेले होते, त्यांच्यात नुसत्या किरणोपचारांनी ७.३ वर्षे आणि औषधे जोडल्यावर १४.७ वर्षे असे मध्यम आयुर्मान निघाले. इतरांना औषधांचा तसा फायदा झालाच नव्हता. दोन्ही गट एकत्र मोजले तेव्हा फरक दिसेना, वेगळे करून वाट पाहिली तेव्हा आयुष्य दुप्पट झालेले दिसले.

२००८ मध्ये आयडीएच या जनुकातला बदल सापडला. तो असलेल्या गाठी तो नसलेल्यांपेक्षा बऱ्याच संथ चालीच्या निघाल्या. २०१६ आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली वर्गवारी या खुणांवर बेतली. बेली-कुशिंग यांच्या तक्त्यात जे प्रकार रंग आणि आकार पाहून पाडले होते, ते आता जनुकेही पाहून पाडले जातात.

खारघरचे दोन धडे

मेड्युलोब्लास्टोमाच्या बाबतीत महाराष्ट्राने या हिशेबात स्वतःची भर घातली. २०१० नंतर ही गाठ एक नसून चार असल्याचे जगभरच्या संशोधकांनी मान्य केले. त्यातल्या डब्ल्यूएनटी गटातली मुले नव्वद टक्क्यांहून अधिक प्रमाणात बरी होतात, तर तिसऱ्या गटातल्यांचे हाल सर्वांत वाईट. गट ओळखायच्या सुरुवातीच्या पद्धतींना महागडी यंत्रे आणि ताजा गोठवलेला तुकडा लागे. आपल्याकडे तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतो तो मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे 'ब्लॉक', तोही कधी जुना. खारघरला टाटाच्या संशोधन केंद्रात डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने अशाच मेणातल्या तुकड्यांवर चालणारी, त्या मानाने स्वस्त चाचणी बसवली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मुंबईतल्या अनेक रुग्णालयांच्या शल्यविशारदांनी त्यासाठी नमुने दिले होते.

दुसरा धडा अधिक कडू आहे. डब्ल्यूएनटी गटाचे निकाल इतके चांगले असतील, तर त्या मुलांच्या पूर्ण मेंदू-कण्याला किरण देऊन त्यांची बुद्धी का पणाला लावायची? फक्त गाठीच्या जागी किरण द्यावेत आणि नंतर औषधे, असा अभ्यास डॉ. तेजपाल गुप्ता यांच्या पुढाकाराने सुरू झाला. तो मुदतीआधी थांबवावा लागला, कारण काही मुलांत आजार कण्याच्या वाटेने परतला. २०२२ मध्ये हा निकाल त्यांनी जगासमोर ठेवला. गाठ सौम्य होती ती किरणोपचारांच्या साथीने, त्यांच्यावाचून नव्हे. किरण वगळायचे का, हा प्रश्न मागे पडला. किती कमी करता येतील, यावर लक्ष गेले. फसलेल्या प्रयोगाचा असा उघड हिशेब दिल्यामुळे पुढच्या कित्येक मुलांवर तोच प्रयोग व्हायचा टळला.

टाटा रुग्णालयाच्याच आणखी एका कामाची नोंद हवी. डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी सौम्य व संथ वाढीच्या गाठी असलेल्या ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांवर जुन्या पद्धतीच्या आणि नेमक्या जागी रोखलेल्या किरणोपचारांची तुलना केली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: गाठ दोन्हींनी सारखीच आवरली, पण नेमक्या पद्धतीने बुद्धी आणि संप्रेरके अधिक शाबूत राहिली.

हिंगणीपर्यंत काय पोचले

आता हिशेब आपल्या दारापर्यंत आणू. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय १९४०च्या दशकात स्त्रिया आणि मुलांसाठी लहान स्वरूपात सुरू झाले आणि १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. सावंगीचे रुग्णालय नंतर आले. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे आणि वर्ध्याकडून नागपूरला जाताना जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी राहिली. २००५ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले 'भाभाट्रॉन' यंत्र खारघरला बसल्यावर शेकाचे कोबाल्ट यंत्र परदेशातूनच आणण्याची गरज उरली नाही. टेमोझोलोमाइड भारतीय कंपन्या बनवू लागल्या, तसे ते आवाक्यात आले. १९९७ ची जीवनदायी योजना आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये वर्धा जिल्ह्याला लागू झालेली राजीव गांधी योजना, जी आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, यांमुळे शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांचा खर्च बऱ्याच घरांच्या डोक्यावरून उतरला.

उरले ते अंतर आणि वेळ. ग्लिओब्लास्टोमाचा प्रमाण उपचार म्हणजे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस वेळा शेक. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातला एक माणूस रुग्णाबरोबर सहा आठवडे नागपुरात अडकला, तर हंगाम बुडतो. इथेही तुलनेनेच वाट दाखवली. २००४ मध्ये कॅनडातल्या चाचणीत साठीपुढच्या रुग्णांना तीस ऐवजी पंधरा वेळा शेक देऊनही आयुर्मानात फरक पडला नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या चाचणीत वयस्क आणि खचलेल्या रुग्णांना फक्त पाच वेळा शेक दिला गेला. मध्यम आयुर्मान ७.९ महिने निघाले, पंधरा वेळा दिलेल्यांत ते ६.४ होते. सत्तरीच्या अशक्त माणसाला एका आठवड्यात मोकळे करून घरी पाठवणे हे हलगर्जीपणाचे नाही, पुराव्याचे काम आहे. तरुण, धडधाकट रुग्णाला मात्र हा आखूड मार्ग लागू नाही. त्याच्यासाठी सहा आठवडेच मोलाचे.

शतकाच्या शेवटी ताळेबंद असा दिसतो. मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमात वैद्यकाने मोठी बाजी मारली. ऑलिगोडेंड्रोग्लिओमात वर्षांची भर पडली. ग्लिओब्लास्टोमात महिन्यांची. मुलांच्या मेंदूच्या देठात पसरणाऱ्या गाठीत अजूनही वर्षापलीकडे फार कोणी जात नाही. 'मेंदूचा कर्करोग' अशा एका नावाने हे सगळे मोजले, तर बरे होऊ शकणाऱ्या मुलाच्या घरी निराशा आणि न होऊ शकणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी खोटी आशा पोचते. जमीन विकायची की नाही, हे त्या घरांत याच माहितीवर ठरते.

म्हणून हिंगणीच्या कुटुंबाने डॉक्टरांना पहिला प्रश्न 'वाचेल का' हा न विचारता 'गाठ कोणती' हा विचारावा. तुकड्याचा अहवाल आणि ब्लॉक सांभाळून ठेवावा, कारण पुढच्या रुग्णालयात जनुकांची चाचणी त्यावरच होते. डॉक्टर आणि सरकारच्या वाट्याचे कामही तितकेच ठळक आहे. चाचण्यांतले आकडे नियमित तपासणीला येत राहिलेल्या रुग्णांवर उभे आहेत. गाडीभाड्याअभावी तपासणीला न आलेला माणूस बरा झाला की गेला, हे कुठल्याच वहीत उतरत नाही. कुशिंग यांच्याजवळ सीटी नव्हता, जनुकांची चाचणी नव्हती, होती ती रुग्णाकडून दर वर्षी येणारी पत्रे. ते काम आता एका फोनवर होते. ते केले गेले, तरच आपल्या भागातल्या रुग्णाला आपल्या भागातल्या निकालांवरून उत्तर देता येईल.